खरेदीखतातली तिसरी सही

दापोली तालुक्यातल्या एका गावठाणातील कौलारू घर मी विकत घेतले, दुरुस्त केले आणि वर्ष उलटण्याच्या आत विकले. व्यवहार फायद्यात गेला. तरीही खरेदीच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात जे बोलणे झाले ते अजून मनातून जात नाही.

जुनी घरे घेऊन, नीट करून विकणे हा माझा व्यवसाय आहे. कोकणातला गिऱ्हाईक घाई करत नाही. तो मे महिन्यात येऊन विहिरीला पाणी किती आहे ते बघतो, पावसात येऊन छप्पर बघतो, भावकीत चौकशी करतो आणि मग ‘गणपतीनंतर बोलू’ म्हणतो. गावठाणातल्या जुन्या घरावर कर्ज द्यायला बँका सहसा राजी नसतात, त्यामुळे बहुतेक जण गाठीच्या पैशाने घर घेतात आणि तो पैसा जपूनच सोडतात. भाव चढण्याची वाट पाहत बसलो तर व्याजातच बुडायचो. नफा मिळतो तो छपरात आणि कागदात.

या घराची पश्चिमेकडची कौले ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात उडाली होती आणि मालक भावांनी तिथे पत्रे टाकून घर बंद केले होते. मी हातोडीने एकेक वासा ठोकून पाहिला. शाबूत लाकूड खणखणीत वाजते, वाळवीने पोखरलेले बद्द वाजते. ऐनाचे आढे उत्तम होते. भिंतीवर टेकणारी वाशांची टोके तेवढी गेली होती. जांभ्याच्या भिंतींवर कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता, तो मी सगळा खरवडून काढला. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. बाहेरून सिमेंटने त्याचे तोंड बंद केले की ती ओल माजघरात उतरते. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही गवंडी हेच करतात आणि मालक हेच मागतात, याचा मला मनापासून राग येतो. मंगलोरी कौले पाडलेल्या घरांची, एकाच छापाची गोळा केली, कारण दोन वेगळ्या छापांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत आणि पहिल्याच झडीला घर गळते. हे सर्व मृगाच्या आत पुरे करावे लागते.

कागदाचे काम याहून अवघड असते. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा दाखवून लोक ‘घर आमचेच’ म्हणतात. पण तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. घर गावठाणात असल्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही ते विकत घेता येणार होते, ही जमेची बाजू. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, दोन भाऊ आणि मुंबईला दिलेली त्यांची थोरली बहीण अशी तीन नावे होती. घर वडिलांनी स्वतः बांधलेले आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीकडेही जायला नको; १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच ती भावांच्या बरोबरीची वारस. किंमत १८ लाख ठरली होती. भावांच्या वकिलांनी बहिणीचे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा भावांना सोडून दिल्याचा दस्त, आधी नोंदवायचे आणि मग दोघा भावांनी मला खरेदीखत करून द्यायचे, असे योजले होते. आमच्याकडे हे इतके सर्रास चालते की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

बहीणबाई रात्रीच्या गाडीने खेडला उतरून थेट कार्यालयात आल्या होत्या. धाकट्या भावाने कागद पुढे केला, “आक्का, इथे सही कर, बाकी आम्ही बघतो.” त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि मान वर करून मला विचारले, “तुम्ही घर कितीला घेताय?”

त्या हक्कसोडपत्रात विक्रीची किंमत नव्हती. मी सांगितले, “अठरा लाखांना.”

“मग मी सोडू कशाला? मीपण विकतेच की.”

ठरलेली वेळ गेली. दस्त नव्याने तयार झाला, त्यात विक्रेते तिघे आले आणि नऊ-नऊ लाखांचे सहा-सहा झाले. थोरल्या भावाने मला बाजूला घेऊन तीन लाख वाढवून मागितले. मी नाही म्हटले. मुद्रांक, नोंदणी आणि दुरुस्ती धरून माझे २७ लाख गुंतणार होते आणि ३२ च्या वर हा बाजार जाणार नाही, हे मला दिसत होते. शिवाय हा माझा धंदा असल्यामुळे नफ्यावर कर धंद्याच्या उत्पन्नासारखाच बसतो. थोरले भाऊ म्हणाले, “तुम्ही आकडा सांगायला नको होता. घरातली गोष्ट होती.”

किंमत लपवून घेतलेली हक्कसोड पुढे फसवणुकीच्या दाव्याच्या रूपाने परत येऊ शकते, हे आकडा सांगण्यामागचे व्यवसायाचे कारण आहे आणि ते खरे आहे. पुण्याच्या ज्या निवृत्त दांपत्याला मी पुढे घर विकले, त्यांच्या वकिलांनी तिन्ही सह्या पाहून एकही शंका काढली नाही. पण व्हरांड्यात मी यातले काहीच मोजले नव्हते. ज्यांचे घर, त्यांनी विचारले आणि मी उत्तर दिले. भावांच्या बाजूनेही मी विचार करतो. घरपट्टी त्यांनी भरली, वादळानंतर पत्रे त्यांनी टाकले, आईचे शेवटचे आजारपण त्यांनीच काढले. त्याचा हिशेब व्हायला हवा होता, हे मी मानतो. तो बहिणीशी समोरासमोर व्हायला हवा होता. तिच्यापासून किंमत लपवून नव्हे.

त्या वाडीत अजून दोन बंद घरे विकाऊ आहेत आणि ती माझ्याकडे येणार नाहीत, असा निरोप मला आला आहे. सध्या शेजारच्या गावातले एक घर बघतो आहे. त्याच्या मसुद्यातही दोन बहिणींची हक्कसोड गृहीत धरली आहे. विसाराची रक्कम देण्याआधी मी दोघींचे फोन नंबर मागितले आहेत, आणि मालक ते द्यायला टाळाटाळ करीत आहेत.