निकालानंतरचे पेनसिल्व्हेनिया

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात साठ लाखांहून अधिक मते पडली आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी हे राज्य ४४,२९२ मतांनी जिंकले. अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला १९८८ नंतर या राज्याने कौल दिला नव्हता. मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्येही अशीच थोडक्या मतांनी फिरली, आणि देशभरात सुमारे २९ लाख मते जास्त मिळवूनही हिलरी क्लिंटन पराभूत झाल्या. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणासाठी मी मामेबहिणीकडे गेले, तेव्हा निकालाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. तिचे घर फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, चेस्टर परगण्यात आहे. मूळ बेत तिच्याकडे आराम करण्याचा होता, पण पहिल्या दोन दिवसांतच लक्षात आले की इथे आत्ता पाहण्यासारखे काही असेल, तर ते म्हणजे निकाल पचवू पाहणारी माणसे. मग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधी बहिणीबरोबर, कधी एकटीने मी या राज्याचा बराचसा भाग पालथा घातला.

चेस्टर परगणा सुखवस्तू आहे. औषधकंपन्यांत आणि माहिती तंत्रज्ञानात काम करणारी पुष्कळ मराठी कुटुंबे इथे राहतात. २०१२ मध्ये या परगण्याने तेव्हाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांना अगदी निसटते मताधिक्य दिले होते, २०१६ मध्ये मात्र क्लिंटन येथे नऊ टक्क्यांच्या आसपास पुढे राहिल्या. म्हणजे राज्य एका दिशेला गेले, तर हा परगणा उलट दिशेला. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला जमलेल्या मंडळींत तीन प्रकार होते: नागरिक होऊन क्लिंटन यांना मत दिलेले बहुसंख्य, ट्रम्प यांना मत दिलेले दोघे-तिघे, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे असल्यामुळे मतच नसलेले, पण निकालाची सर्वांत जास्त धास्ती घेतलेले तरुण. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या न्यू जर्सीतील एडिसन येथे हिंदू मतदारांसाठी झालेल्या कार्यक्रमात ट्रम्प स्वतः आले होते, आणि त्या सभेला गेलेले एक काका आमच्याच पंगतीत होते. बहिणीने दारातच प्रत्येकाला बजावले, "आज राजकारण नको हं, जेवण शांतपणे होऊ दे." सगळ्यांनी ते पाळलेही. दोन तास पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवाच्या सभागृहाच्या भाड्यावर चर्चा झाली. भांडी आवरताना भाऊजी त्या काकांबद्दल मला म्हणाले, "वीस वर्षांची ओळख आहे आमची. पण ते मत देऊन आल्यापासून त्यांना फोन करायचा म्हटला की हात जड होतो." त्या काकांना एकट्याने गाठून विचारले, तर त्यांचे गाऱ्हाणे असे, की आपण जिंकलो आहोत, पण या घरात एकानेही आपले अभिनंदन केलेले नाही.

फिलाडेल्फियाचे इंडिपेन्डन्स हॉल मी पूर्वी पाहिले होते, तरी यावेळी मुद्दाम पुन्हा गेले. त्यापुढच्याच हिरवळीवर मतदानाच्या आदल्या रात्री क्लिंटन यांची प्रचंड सभा झाली होती आणि ओबामा दांपत्यही तिथे आले होते. इमारतीच्या आत, १७८७ च्या उन्हाळ्यात जिथे अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, त्या दालनात हिरवी आच्छादने घातलेली टेबले आहेत आणि वॉशिंग्टन यांची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली खुर्ची आहे. ज्या निर्वाचक मंडळाच्या पद्धतीमुळे जास्त मते मिळवणारा उमेदवार हरू शकतो, ती पद्धत याच दालनात ठरली. अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्यालाच तिथले सगळे निर्वाचक मिळतात. आमच्या गटातील एका तरुण मुलीने राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मार्गदर्शकाला थेट विचारले, "असले काही यांनी का केले?" गणवेशातील त्या गृहस्थांनी स्वतःचे मत अजिबात कळू न देता जे सांगितले, ते मला फार महत्त्वाचे वाटले. पेनसिल्व्हेनियाचेच प्रतिनिधी जेम्स विल्सन यांनी अध्यक्ष थेट जनतेने निवडावा असे सुचवले होते. ते मान्य झाले नाही. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, निवडावा असेही ठरता ठरता राहिले. थेट मतदान झाले तर दक्षिणेकडील राज्यांना आपल्या गुलाम लोकसंख्येच्या बळावर निवडणुकीत काहीच वजन उरणार नाही, हे व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी उघडपणे बोलून दाखवले होते, कारण गुलामांना मत नव्हते, पण प्रतिनिधित्वाच्या हिशेबात मात्र प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश धरला जात होता. सप्टेंबर उजाडल्यावर, सगळे थकलेले असताना एका समितीने ही तडजोड पुढे आणली.

मुलगी काही क्षण ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे असेच चालायचे." तिच्याबरोबर बाहेर येऊन मी कॉफी घेतली. ती परिचारिकेचे शिक्षण घेत होती आणि तिचे वाक्य मी त्या आठवड्यात फिलाडेल्फियात वेगवेगळ्या तोंडून कितीदा तरी ऐकले: ट्रम्प यांना मत दिलेला एकही माणूस माझ्या ओळखीचा नाही. शहराने शंभरातील ऐंशीहून अधिक मते क्लिंटन यांना दिली होती, तेव्हा हे खरेच असणार. पण माझ्या मते तिथल्या दुःखाचा मोठा भाग याच वाक्यात होता. पराभव निवडणुकीत होतोच. इथे मात्र आपल्याला ठाऊकच नसलेल्या माणसांनी आपला पराभव केला, अशी भावना होती, आणि ठाऊक नसलेल्या माणसाबद्दल मन वाटेल ते रचू शकते.

तेथून आम्ही उत्तरेला लुझर्न परगण्यात गेलो. हा अँथ्रासाइट कोळशाचा मुलूख. १९५९ च्या जानेवारीत सस्क्वेहाना नदी खाणीचे छत फोडून आत घुसली, बारा कामगार बुडाले आणि त्या खोऱ्यातील खोल खाणींचे युग तिथेच जवळपास संपले. २०१२ मध्ये ओबामा यांना पाच टक्क्यांच्या आसपास आघाडी देणाऱ्या या परगण्याने २०१६ मध्ये ट्रम्प यांना सव्वीस हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली, म्हणजे राज्यातील एकूण फरकाचा निम्म्याहून मोठा हिस्सा एकट्या या परगण्यातून आला. वर्तमानपत्रे या प्रदेशाचे वर्णन बंद पडलेल्या खाणी आणि उदास म्हातारे असे करत होती. हेझलटन गाव तसे मुळीच दिसले नाही. वायोमिंग स्ट्रीटवर डोमिनिकन दुकाने, केशकर्तनालये आणि भाताचा वास येणाऱ्या खानावळी ओळीने उघड्या होत्या, आणि गावाबाहेर गोदामांच्या लांबच लांब इमारती. २००० मध्ये या गावात शंभरातील पाच माणसे स्पॅनिश भाषक घरांतील होती. २०१० मध्ये सदतीस झाली. २००६ मध्ये महापौर लू बार्लेट्टा यांनी बेकायदा स्थलांतरितांना घर भाड्याने देणाऱ्यांना आणि कामावर ठेवणाऱ्यांना दंड करणारा ठराव आणला होता. तो न्यायालयात टिकला नाही, पण महापौर पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि ट्रम्प यांच्या सुरुवातीच्या समर्थकांपैकी एक ठरले.

याच गावचे दुसरे सुपुत्र जो मॅडन. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने १०८ वर्षांनी विश्वमालिका जिंकली ती २ नोव्हेंबर २०१६ ला, मतदानाच्या सहा दिवस आधी, आणि तेव्हा त्या संघाचे व्यवस्थापक मॅडन होते. जुन्या आणि नव्या रहिवाशांची मुले एकत्र खेळावीत, शिकावीत म्हणून त्यांच्या पुढाकाराने हेझलटनमध्ये एक केंद्र चालते. केंद्राच्या वाटेवर एका घराच्या अंगणात कब्ज संघाचे निशाण आणि ट्रम्प यांची पाटी शेजारी शेजारी लागलेली पाहिली, तेव्हा घरमालकाला विचारल्याशिवाय मला राहवले नाही. पाने गोळा करत असलेले ते वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "जो आमचा मुलगा आहे. केंद्र चांगलेच आहे. पण माझ्या रस्त्यावर काय चालले आहे, हे मला दहा वर्षे कुणी विचारले नाही." जवळच्या खानावळीत वाढणाऱ्या डोमिनिकन बाईंना मी निकालाबद्दल विचारले. त्यांनी आधी माझ्याकडे नीट निरखून पाहिले, मग सांगितले की त्या नागरिक आहेत, न्यूयॉर्कहून इथे येऊन त्यांना बरीच वर्षे झाली, आणि ८ नोव्हेंबरनंतर किराणा दुकानात स्पॅनिश बोलताना त्या आवाज खाली आणतात. ते वृद्ध गृहस्थ आणि या बाई यांच्यात फार तर चार रस्त्यांचे अंतर होते. जवळ राहिल्याने समजूत वाढते असे फिलाडेल्फियात मनाशी ठरवू लागलेल्या मला हेझलटनने अडवले.

हे कोडे एरी शहरात काही प्रमाणात उलगडले. आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८० वरून पश्चिमेला, मग उत्तरेला वळून एरी सरोवराच्या काठी पोहोचेपर्यंत दिवस सरला, आणि शेवटचे काही मैल सरोवरावरून येणाऱ्या हिमवर्षावात पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून काढावे लागले. एरी परगण्याने २०१२ मध्ये ओबामा यांना सुमारे १९ हजारांचे मताधिक्य दिले होते. २०१६ मध्ये ट्रम्प येथे दोन हजारांहून कमी मतांनी जिंकले. या परगण्याचा स्वभावच तराजूच्या काट्यासारखा आहे, हे पुढेही दिसले: २०२० मध्ये बायडन यांनी तो साधारण १,४०० मतांनी परत मिळवला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा ट्रम्प यांच्याकडे निसटता झुकला.

शहराला लागून असलेल्या लॉरेन्स पार्कमध्ये जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीचा रेल्वे इंजिनांचा शंभर वर्षांहून जुना कारखाना होता. तिथे २०१५ मध्ये सुमारे दीड हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली, कारण कोळशाची वाहतूक घटली, इंजिनांची मागणी कमी झाली आणि काही काम टेक्सासमधील नव्या कारखान्यात गेले होते. कारखान्याजवळच्या एका साध्या उपाहारगृहात, ऑक्स रोस्ट नावाचे तिथले रसदार गोमांसाचे सँडविच खाणाऱ्या एका दांपत्याच्या टेबलावर आम्हाला जागा मिळाली. नवरा निवृत्त यंत्रकामगार, बायको शाळेच्या स्वयंपाकघरात. त्याने ओबामा यांना दोनदा मत दिले होते आणि यावेळी ट्रम्प यांना. तिने क्लिंटन यांना. "यांना आठ वर्षे दिली, याला चार देऊन पाहू. काम परत आले नाही तर हाही जाईल," असे तो म्हणाला. बायको हसली नाही. "ट्रम्प बायकांबद्दल बोलले, तसे माझ्या मुलीबद्दल जो माणूस बोलेल त्याला हा घरात घेणार नाही, पण अध्यक्ष करून ठेवला," एवढेच बोलून तिने त्याच्या ताटलीतले उरलेले बटाटे स्वतःकडे ओढले. महिनाभर त्यांच्यात हे बोलणे चालू असावे, कारण दोघांनाही दुसऱ्याचे पुढचे वाक्य ठाऊक होते.

आम्ही भारतातून, त्यातही पुण्याच्या, हे कळल्यावर त्याने मला जो प्रश्न विचारला, त्याची मी तयारी केलेली नव्हती. भारतीय रेल्वेने याच कंपनीला २०१५ मध्ये एक हजार डिझेल इंजिनांचे कंत्राट दिले होते. ती इंजिने इथे बनणार की तिकडे, आणि तिकडे बनली तर कामगाराला काय मिळेल, असे तो विचारत होता. मी म्हणाले की बिहारमध्ये मढौरा येथे त्यासाठी कारखाना उभा राहतो आहे. पुण्याजवळ चाकणला त्याच कंपनीचा कारखाना २०१५ मध्ये सुरू झाला आणि तिथे नोकरी लागली म्हणून आमच्या ओळखीच्या एका घरात पेढे वाटले गेले, हेही मी सांगितले. तो रागावला नाही. "पेढे म्हणजे काय?" एवढेच त्याने विचारले.

एरीमध्ये मला निकाल पचल्याचे कुठेच दिसले नाही, पण तो सहन करण्याची रीत दिसली. इथे विरुद्ध मत देणारा माणूस पाळीतला सोबती, भाऊ किंवा नवरा होता. त्याच्याबद्दल कल्पना रचायला जागाच नव्हती, कारण त्याची कर्जे, त्याच्या मुलाची गेलेली नोकरी, त्याचा हेकटपणा हे सगळे आधीपासून माहीत होते. हेझलटनमध्येही माणसे जवळ राहत होती, पण एका कारखान्यात, एका चर्चमध्ये, एका घरात नव्हती. याच शहरात भूतानमधून आलेल्या नेपाळी भाषक निर्वासितांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या किराणा दुकानात हिंदीत बोलताना दुकानदाराने अभिमानाने सांगितले की आपण आयुष्यातले पहिले मत याच निवडणुकीत दिले. कुणाला दिले हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

परतताना पिट्सबर्गमार्गे आम्ही हॅरिसबर्ग या राजधानीत १९ डिसेंबरला पोहोचलो, कारण त्या दिवशी राज्याचे २० निर्वाचक मत देणार होते. तोवर हरलेल्यांच्या आशेचे बाकीचे दरवाजे बंद झाले होते: आठवड्यापूर्वी, १२ डिसेंबरला, पेनसिल्व्हेनियातील फेरमोजणीची मागणी न्यायालयाने फेटाळली होती आणि विस्कॉन्सिनची फेरमोजणी पूर्ण होऊन तिथे ट्रम्प यांची आघाडी १३१ मतांनी उलट वाढली होती. हिरव्या घुमटाच्या विधानभवनाबाहेर कडाक्याच्या थंडीत निदर्शक फलक घेऊन उभे होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या की फेरमोजणी, न्यायालय आणि आजचा दिवस, अशा एकामागून एक तारखांवर त्यांनी हे आठवडे काढले. थोड्या अंतरावर ट्रम्प समर्थकांची लाल टोपी घातलेला एक मध्यमवयीन माणूस एकटाच उभा होता. तो दोन तास गाडी हाकत आला होता, कारण आतल्या आत काहीतरी करून निकाल फिरवतील अशी त्याला भीती होती. जिंकलेल्यालाही आपला विजय खरा वाटत नव्हता, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

दुपारी फोनवर बातमी आली की वीसच्या वीस मते ट्रम्प यांना गेली. देशभर सात निर्वाचकांनी वेगळे मत नोंदवले, पण त्यांतले पाच क्लिंटन यांच्याकडचे होते, हे संध्याकाळी कळले. काही जणांनी घोषणा दिल्या, लाल टोपीवाला गाडीकडे निघून गेला. मी शिक्षिकाबाईंना विचारले की आता पुढची तारीख कोणती. त्यांनी फलक काखेत धरून हातमोजे काढले आणि पिशवीतून एक यादी बाहेर काढली. २१ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये महिलांचा मोर्चा होता, त्यांच्या गावातून ठरवलेली पहिली बस भरली होती आणि दुसरीसाठी त्यांना अजून अकरा नावे हवी होती.