गोळी किती वाजता, डबा किती वाजता

मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात लगेच एकच वाद सुरू होतो, गोळी द्यायची की नाही. आजी नको म्हणते, शाळा लावून धरते, आईबाप मधल्यामध्ये अडकतात. त्याआधी एक कागद घ्यावा आणि पोराचा दिवस तासातासानं लिहून काढावा. उठणं, आंघोळ, शाळा, ट्यूशन, खेळ, जेवण, झोप. कुठल्या तासाला घोळ होतो ते दिसलं की औषधानं काय करायचं आणि घरानं काय, हे बरंच सुटं होतं.

निदानाबद्दल थोडक्यात. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशी एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी हवीत. फक्त एकाच बाईंच्या तासाला चुळबुळ होत असेल तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा. कान, डोळे, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि रात्री घोरतो का ते पाहावं; झोप मोडलेलं मूलही दिवसभर असंच वागतं. वाचन-लेखनाची अडचण सोबत असू शकते, तिची चाचणी वेगळी करावी लागते आणि एडीएचडीच्या गोळीनं ती अडचण जात नाही. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीत एडीएचडी आहे, तेव्हा पथक आलं की विचारायला संकोच नको. सांगली-मिरजेत सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दाखवता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा आधी गोळी देत नाहीत; आईबापांनाच वागणुकीचं प्रशिक्षण देतात. त्यापुढच्या वयात, त्रास बराच असेल तर, औषध आणि वागणुकीचे उपाय जोडीनं चालवावेत हे माझं ठाम मत आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं होती. मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वागणुकीच्या उपायांपेक्षा सरस ठरलं, पण दोन्ही मिळालेल्या मुलांना औषधाचा कमी डोस पुरला.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवावा. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा मूल खेळताना चक्कर येऊन पडलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याच्या अंतरानं वाढवतात. डोस मुलाच्या प्रतिसादावर ठरतो, म्हणून शेजारच्या पोराच्या डोसाशी तुलना व्यर्थ. पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी द्यावी, म्हणजे काय होतंय ते डोळ्यांसमोर राहतं.

घोटाळा होतो तो वेळेचा. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. आपल्याकडे बऱ्याच शाळा अकरा ते पाच. आठला दिलेली गोळी बाराच्या सुमारास संपते आणि बाई वहीत लिहून पाठवतात, औषधाचा फरक नाही. डोस वाढवण्याआधी वेळ बदलून पाहायला डॉक्टरांना सांगावं, किंवा सावकाश सुटणारी गोळी चालेल का ते विचारावं. ती गोळी मात्र चुरून मधात घालू नये. दिवसभराचा डोस एकदम सुटतो. दुपारची गोळी शाळेत द्यायची असेल तर ती बाईंकडे ठेवावी, दप्तरात कधीच नाही. उशिरा दिली तर रात्री झोप येत नाही.

दुसरी तक्रार डब्याची. दुपारी भूक मरते; पोळीभाजीचा डबा जसाच्या तसा परत येतो आणि घरी रागवारागवी होते. यात मुलाचा दोष नाही. न्याहारी गोळीच्या आधी आणि भरभक्कम द्यावी: तूप लावलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंडं, दूध. डब्यात दोन लाडू किंवा केळं पुरे. संध्याकाळी भूक परत येते तेव्हा पूर्ण जेवण तयार ठेवावं. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर बघावं आणि उंची तीन महिन्यांनी.

औषध उतरतं तेव्हा तासभर मूल चिडचिडं, रडवेलं होतं. नेमका तोच तास आपण ट्यूशनला देतो. तेव्हा खायला द्यावं, सायकल फिरवू द्यावी, अभ्यास नंतर.

अभ्यासाच्या वेळी टेबलावर एकच वही आणि एकच पेन्सिल असावी, टीव्ही बंद. "दप्तर आवर, गृहपाठ कर आणि मग दूध पी" यातलं शेवटचं तेवढं कानात राहतं. त्याऐवजी जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन म्हणावं, "गणिताची वही काढ." वही बाहेर आली की, "शाब्बास. आता पहिली दोन गणितं." दहा-पंधरा मिनिटं काम, पाच मिनिटं उठून हालचाल. बक्षीस त्याच संध्याकाळी हवं. परीक्षेनंतरची सायकल या मुलांना फार लांब वाटते. तीनच कामं ठरवावीत, प्रत्येक कामाला बक्षिसाची एक चिठ्ठी, पाच चिठ्ठ्यांना गल्लीत अर्धा तास जास्त खेळ. मिळवलेली चिठ्ठी रागाच्या भरात काढून घेतली की सगळी व्यवस्था कोसळते. दोन-तीन आठवड्यांत बक्षिसाची गोडी जाते, तेव्हा बक्षीस बदलावं.

अ‍ॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. त्याचा डोस वजनावर ठरतो, पूर्ण परिणामाला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात निकाल लावू नये. कॅप्सूल उघडू नये. पूड डोळ्यांना झोंबते. डोळे पिवळे दिसले किंवा मूल जीव देण्याची भाषा बोललं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. प्रत्येक मेडिकलमध्ये ते नसतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदार ठेवून घेतो. पावसाळ्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की पाकिटात किती गोळ्या उरल्यात ते मोजावं; पूर आला तर दुकान गाठणं अवघड. एरवीही आठवडाभराच्या उरल्या की नवी चिठ्ठी घ्यावी.

वर्षातून एकदा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, औषध थांबवून पाहावं. शाळा सुरू होण्याचा पहिला आठवडा किंवा परीक्षा नको. दिवाळीनंतर शाळा रुळली की एक-दोन आठवडे ठीक. मिथाइलफेनिडेट बहुधा थेट थांबवता येतं. एडीएचडीत काही मुलांना दिलं जाणारं क्लोनिडिन हे औषध मात्र एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो, ते हळूहळूच उतरवावं लागतं. या दिवसांत तोच तासांचा कागद पुन्हा भरावा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावा.