दोन शेळ्यांची किंमत

गुरुवार, रात्री

आज जेवण गेलं नाही. डोक्यातून तो कागद जात नाही. एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, प्रत, खाली मावशींचा अंगठा, आणि मधे ठाणे अंमलदारांच्या अक्षरात लिहिलेलं : 'दोन शेळ्या, अंदाजे किंमत रु. 4,500'.

मावशींच्या शेळ्या उस्मानाबादी, काळ्याभोर, लांब कानांच्या. त्यातली एक गाभण. मागच्या बाजारात व्यापाऱ्याने तिला एकटीलाच बारा हजार लावले होते. मावशींनी दिली नाही, कारण पोरीचं बाळंतपण त्या करडांच्या भरवशावर काढायचं ठरलेलं. परवा रात्री कुणीतरी गोठ्याची कडी कापली आणि दोन्ही शेळ्या गाडीत घालून नेल्या. चिखलात चारचाकीच्या टायरचे ठसे उमटलेत. सकाळी मावशी ती कापलेली कडी पदरात बांधून माझ्या दुकानात आल्या. तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे अर्ज लिहून घ्यायला माणसं माझ्याकडे येतातच. अर्ज लिहिला, शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर गेलो.

"साहेब बंदोबस्ताला गेलेत, बसा." दुपार उलटेपर्यंत बसलो. मग ठाणे अंमलदार म्हणाले, "चुकल्या असतील हो मावशी. शेळीच ती, जाते कुठंही. दोन दिवस शोधा आजूबाजूला." मावशींनी गाठ सोडून कडी टेबलावर ठेवली. दोन्ही टोकं चकाकत होती, कटर मारल्याचं शाळेतलं पोरही ओळखेल. अंमलदारांनी तिला हातसुद्धा लावला नाही. मी बोलायला लागलो तर, "तुम्ही कोण यांचे? नातेवाईक नाही ना? मग बाहेर थांबा."

बाहेर गेलो नाही, दारातच उभा राहिलो. अंमलदारांनी किंमत विचारली. मावशी म्हणाल्या, "दादा, एकीलाच बारा हजार लावले होते." "खरेदीची पावती आहे?" घरच्याच शेळीच्या पोटी झालेल्या शेळीची पावती कुठून आणायची? "मग अंदाजे लिहितो," म्हणाले आणि लिहिलं. खाली नेहमीची ओळ, 'वाचून दाखवले, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे'. वाचून कुणी दाखवलं नाही. शाईचा पॅड पुढे सरकवला, अंगठा घेतला.

हा आकडा अंदाजाने आलेला नाही, हे मी ठामपणे लिहितो. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 303 मध्ये पाच हजार रुपयांच्या आतली चोरी वेगळी काढली आणि ती अदखलपात्र ठरली. अदखलपात्र म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. प्रत हातात द्यायची आणि 'कोर्टात दाद मागा' सांगायचं, की काम संपलं. आणि मुळात इथे किमतीचा प्रश्नच येत नाही. माल ठेवायच्या बांधकामातून चोरी झाली की कलम 305 लागतं, रात्री कडी तोडून आत शिरलं की घरफोडीचं 331 लागतं. दोन्ही दखलपात्र. शेळी लाखाची असो की शंभराची.

असं का करतात तेही सगळ्या गावाला ठाऊक आहे. वर क्राईम मीटिंगला विचारतात, किती दाखल, किती उघड, किती प्रलंबित. शेळ्या सापडणं अवघड, म्हणजे तो गुन्हा प्रलंबितच्या रकान्यात जाऊन बसणार. त्यापेक्षा दाखलच होऊ द्यायचा नाही. मोबाईल चोरीला गेला तरी 'गहाळ' असा दाखला देतात, तो याच कारणाने. 12 नोव्हेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 173 मध्ये येतं. फिर्यादीला प्रत फुकट द्यायची, तेही त्याच कलमात आहे. हे ठाण्यातल्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणूनच राग येतो.

शुक्रवार

कालचं निदान आळसावर ढकलता आलं असतं. आज तीही सोय राहिली नाही.

गावातल्या एका मोठ्या माणसाच्या विहिरीवरची पाण्याची मोटर काल संध्याकाळी चोरीला गेली. रात्री आठच्या आत एफआयआर. साहेब स्वतः विहिरीवर, पंचनामा, फोटो. बंदोबस्तही आड आला नाही. मोटरचा तपास झालाच पाहिजे, त्यांचंही नुकसान झालंय. पण मग त्याच ठाण्याला, त्याच दिवशी, मावशींच्या गोठ्यापर्यंत यायला काय झालं होतं?

आणि रात्री एक वाजता पोलिसांची गाडी माळावरच्या पारध्यांच्या पालांवर गेली. तीन पोरं उचलली. सकाळी त्यातल्या एकाची आई दुकानाच्या पायरीवर बसली होती. "भाऊ, पोरगं कुठल्या चौकीत हाय तेवढं विचारून दे." तेवढंच मागणं. मी ठाण्यात गेलो तर, "अटक कुणालाच नाही, चौकशीला बोलावलंय." नोटीस दाखवा म्हटलं, नव्हती. डायरीत नोंद कुठाय म्हटलं, उत्तर नाही. संध्याकाळी तिघांना सोडलं. मोटर त्यांच्याकडे सापडली नाही. एकाला नीट चालता येत नव्हतं. दवाखान्यात चला म्हणून मी विनवलं, तो नको म्हणाला, "परत उचलतील."

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मावरून माणूस चोर ठरायचा, हजेरी द्यावी लागायची. आपल्या सोलापुरात त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, या जमाती विमुक्त झाल्या. मग मोटर गावाच्या एका टोकाला जाते आणि गाडी दुसऱ्या टोकाच्या पालांवर कशी पोहोचते? कुठला पुरावा होता? चिखलातल्या टायरच्या ठशांचा फोटो काढायला माणूस मिळाला नाही, आणि या पोरांना उचलायला अख्खी गाडी मिळाली. अटक केली तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, घरच्यांना कळवायचं. राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालात आहे. यातून निसटायला 'चौकशीला बोलावलंय' एवढं म्हटलं की पुरतं.

त्याच ठाण्यातली एक महिला कॉन्स्टेबल त्या आईला पाणी देऊन गेली, आणि हळूच म्हणाली, "सोडतील सांजच्याला, घाबरू नका." तिची ड्युटी सकाळपासून होती, सण आला की तिला घर दिसत नाही हे मलाही दिसतं. पण मनुष्यबळ कमी आहे म्हणून 4,500 हा आकडा लिहिला जात नाही. त्यासाठी बसून हिशोब करावा लागतो.

शनिवार

सकाळी मावशी आल्या. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही की अधीक्षकांकडे दाद मागायची, तो कलम 173 (4) खालचा अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे तयार केला. कडीचा फोटो, ठशांचे फोटो, एनसीची प्रत, आणि बारा हजार लावणाऱ्या व्यापाऱ्याचं सही केलेलं लेखी. तो सही देईल असं वाटलं नव्हतं, त्याने दिली. पारध्याच्या पोरांचा अर्ज वेगळा करतोय. त्यांच्यातले दोघे तयार आहेत, तिसऱ्यावर मी जोर करणार नाही.

2006 च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण असावं म्हटलं होतं. आपल्या राज्याने 2014 मध्ये कायदा बदलून राज्य आणि विभाग पातळीवर ते ठेवलं. एक दिवसाची मजुरी बुडली तर चूल पेटायची पंचाईत, अशा घरातल्या माणसाने विभागाच्या गावाला किती हेलपाटे मारायचे? जिल्ह्यातच हवं होतं ते.

रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावतीसह. पावतीच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक मावशींच्या पिशवीत, एक माझ्या फाईलला. अधीक्षकांनी काही केलं नाही तर त्याच संहितेच्या कलम 175 (3) खाली तपासाचा आदेश मागायला मॅजिस्ट्रेटकडे जायचं. तिथे प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी अधीक्षकांकडे अर्ज केल्याचा पुरावा लागतो. वकिलांशी बोललोय, फी नंतर बघू म्हणाले. सोमवारी अकराला बोलावलंय.