केळीच्या ठिबकवरची मोटर दोनदा जळाली, मग वायरचा रेझिस्टन्स काढला, माझा अनुभव

आमचं शेत चोपडा तालुक्यात, शेततळ्यावर दीड एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे, अर्धा एकर केळीला ठिबकने पाणी देतो. एका उन्हाळ्यात दोनदा वायंडिंग जळालं आणि एप्रिल-मेच्या उन्हात केळीला दोन दिवस पाणी नाही मिळालं तर पानं कशी करपतात हे खान्देशात कोणाला सांगायला नको. रिवायंडिंगवाला म्हणे कॅपॅसिटर बदला, बदलला, तरी मोटर नुसती घूं घूं करायची. शेवटी गावातला वायरमन आला, क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) लावला तर 12 अँपिअर, मोटरच्या प्लेटवर 9.5 लिहिलेले. तो म्हणे, "वायर बारीक शे भाऊ, मोटरले काबर दोष दी राह्यना?"

मला आकड्यात बघायचं होतं. पोरगी नववीला, तिच्या पुस्तकात धाराविद्युतचा धडा आहे, विभवांतर (व्होल्टेज) भागिले धारा (करंट) म्हणजे रोध (रेझिस्टन्स). मी मोटरवर 187 व्होल्ट मोजले, 12 ने भागले, साडेपंधरा ओहम आले, आणि मोटर बंद करून मल्टिमीटरने वायंडिंग बघितलं तर अडीचच्या आसपास! वायरमनने सांगितलं, फिरती मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, तिथे हा साधा भागाकार चालत नाही, पाणी तापवायचा रॉड लाव, तो उलटं व्होल्टेज करत नाही.

मग 1500 वॅटचा रॉड बादलीत टाकून शेततळ्यावर लावला (चालू असताना पाण्याला हात लावायचा नाही, बादली प्लास्टिकचीच घ्या). लाइटच्या मीटरपाशी 225 व्होल्ट, रॉडपाशी 204, करंट 5.7. म्हणजे 21 व्होल्ट वाटेतच गेले, 21 भागिले 5.7 म्हणजे 3.7 ओहम. रॉडची पॉवर 204 गुणिले 5.7, साधारण 1163 वॅट, 1500 वाला रॉड पण अशक्त झालेला.

आता वायर अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची, तिचा रोध किलोमीटरला 7.4 ओहम धरतात, अंतर 250 मीटर, मी हिशोब केला तर 1.85 आला. मोजलेला बरोबर दुप्पट! मला वाटलं जॉइंट खराब असतील, भर उन्हात चारही जॉइंट सोडून परत पिळून टेप मारली, एक काळा पडलेला होता तो कापून नवा केला, परत मोजलं तर तेच 3.7. रात्री पोरगी वहीत बघून म्हणाली, पप्पा करंट जातो आणि परत पण येतो ना. फेज 250 आणि न्यूट्रल 250, वायर 500 मीटरच झाली! एवढी साधी गोष्ट, पण माझा अख्खा दिवस त्यात गेला, म्हणून मुद्दाम लिहितोय.

वायरमध्ये वाया जाणारी पॉवर तर करंटच्या वर्गाने वाढते, 12 गुणिले 12 गुणिले 3.7 म्हणजे 530 वॅटच्या वर नुसती वायर तापवण्यात जात होती आणि मोटरला व्होल्टेज कमी पडलं की ती करंट अजून ओढायची, त्यातच जळायची.

दहा स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियमची दोन कोअर वायर टाकली, तिचा किलोमीटरला 3.08, दोन्ही बाजू धरून 1.54 ओहम. परत तोच रॉड, तीच बादली, 216 व्होल्ट आणि 6.1 अँपिअर. मोटर आता 9.6 वर चालते, वायरमध्ये 140 वॅटच जातात, सहा तास चालली तर रोजचे दोन युनिटच्या वर वाचतात, आणि बटण दाबलं की लगेच उचलते.