घरच्यांसाठी तीन स्वस्त सायकली घेताना: माझा अनुभव

रविवारी सकाळी वडगावहून खडकवासल्यापर्यंत जायचं, चौपाटीवर काहीतरी खायचं आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं, एवढाच आमचा सायकलचा उपयोग. माझ्यासाठी, बायकोसाठी आणि लेकीसाठी मिळून वीस हजारांच्या आसपास खर्च करायचा होता. एवढ्या पैशात चांगली सायकल मिळते, फक्त पैसा कुठल्या भागात गेलाय ते बघून घ्यावं लागतं.

सहा-सात हजारांत दुकानदार पहिल्यांदा पुढे करतो ती पुढे-मागे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि २१ गिअरवाली. ती मी लगेच बाजूला ठेवली. एवढ्या किमतीत इतके भाग बसवायचे म्हटलं की प्रत्येक भाग हलक्या प्रतीचा येतो. स्वस्त शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी रोखणारं काही नसतं. खड्ड्यात ती दबते तशी पायडल मारतानाही दबते, म्हणजे पायातला जोर तिथेच मुरतो. डिस्कची पातळ चकती पार्किंगमध्ये शेजारची सायकल अंगावर पडली तरी वाकते आणि मग पॅड सतत घासत राहतात. सात चकत्यांच्या स्वस्त फ्रीव्हीलमुळे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांमुळे) मागच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या धुरीचा, उजवीकडचा बराच भाग आधाराशिवाय राहतो. वजनदार माणूस बसून खड्ड्यात आदळला की अ‍ॅक्सल तिथेच वाकतो. यातलं काही बिघडलं तर कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही हात लावायला तयार नसतो.

म्हणून शॉकअपशिवायचा साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग), रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे व्ही-ब्रेक आणि एकच गिअर असं ठरवलं. खडकवासल्याचा रस्ता बहुतेक सपाट आहे, धरणाजवळ तेवढा चढ लागतो. त्यासाठी चेन ज्यांवरून फिरते त्या पुढच्या आणि मागच्या चकत्यांचे दाते मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर २६ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण पाच मीटर जाते. मागे २० दात्यांचं फ्रीव्हील घातलं की साडेचार मीटर जाते आणि चढावर गुडघ्यांना फरक जाणवतो. चाक खाचेत जेमतेम पाव इंच पुढे घ्यावं लागतं, चेन तीच चालते. फ्रीव्हील बदलायला थोडेच पैसे लागतात, तेव्हा नवी सायकल घेतानाच दुकानदाराकडून ते करून घ्यावं.

मापाच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड करू नये. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. या मापाला ०.८८ ने गुणलं की पायडलच्या मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ७६ सेंटिमीटर आलं तर सुमारे ६७. रहदारीत थांबताना पाय नीट टेकावेत म्हणून आम्ही ती दोन-तीन सेंटिमीटर कमीच ठेवली. सीटच्या दांड्यावर कमीत कमी किती भाग आत हवा याची खूण असते. ती बाहेर दिसत असेल तर फ्रेम लहान आहे, ती सायकल घेऊ नका. बायकोसाठी खाली झुकलेल्या दांड्याची आणि पूर्ण चेनकव्हरवाली घेतली, ओढणी किंवा सलवार चेनमध्ये अडकत नाही.

मुलांसाठी ‘वाढतं अंग आहे, एक साइझ मोठी घ्या’ हा सल्ला कोणीही देवो, ऐकू नका. पाय टेकत नसेल तर मूल घाबरतं आणि सायकल कोपऱ्यात पडून राहते. १०५ ते १२० सेंटिमीटर उंचीला १६ इंची, १२० ते १३५ ला २० इंची आणि त्यापुढे १५० पर्यंत २४ इंची चाक, हे ढोबळ माप. ब्रेकची दांडी मुलाच्या बोटांना पोचते का तेही तपासा. बऱ्याच दांड्यांना एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी मुठीजवळ येते.

चाकाची रिम निवडताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर रिम लोखंडी. क्रोमचा मुलामा असलेल्या लोखंडी रिमवर पावसात रबरी ब्रेक घसरतात, थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम असेल तर तीच घ्या, चार-पाचशे जास्त लागले तरी. टायरवरचा आकडाही वाचा: २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ दोन्ही ‘सव्वीस’ म्हणून विकले जातात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. पहिल्यावर ५५९ आणि दुसऱ्यावर ५९० असा आकडा छापलेला असतो. आमच्याकडे मोठ्या दोन्ही सायकली ५५९ च्याच घेतल्या, म्हणजे सुटी ट्यूब एकच ठेवली तरी भागतं.

खरी मेहनत जोडणीच्या वेळी लागते. सायकल खोक्यातून आली असेल तर जोडणी समोर उभं राहून करून घ्या. फोर्क उलटा बसवलेला मी दुकानाच्या शोकेसमध्येही पाहिलाय. फोर्कचा बाक पुढे हवा आणि पुढचा ब्रेकही पुढच्या बाजूलाच हवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीसारखं पिळून जबरदस्तीने बसवलं तर क्रँकचे (पायडल ज्या दांड्याला लागतं त्याचे) आटे जातात आणि पूर्ण क्रँक बदलावा लागतो. दोन्ही पायडल आधी बोटांनी चार आटे आत जायला हवीत, पाना नंतर. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलखाली टकटक जाणवली तर तिथला बेअरिंगचा कप सैल आहे. क्रँक धरून आडवा हलवा, खेळ नको. मग चाक उचलून फिरवा आणि ब्रेकपॅड व रिममधल्या फटीकडे बघा. फट कमीजास्त होत असेल तर चाकाला आउट आहे, म्हणजे ते सरळ फिरत नाही, तो तिथेच काढून घ्या.

बिल घेताना एक बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुनी छापील किंमत दाखवत असतील तर विचारा. फ्रेम नंबर पायडलच्या धुरीखाली कोरलेला असतो, तो बिलावर लिहून घ्या.

पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर एकदा दुरुस्ती करावीच लागते, कारण आरे बसतात, केबली ताणतात आणि क्रँकचा बोल्ट किंचित सैल होतो. सैल क्रँकवर सायकल चालवत राहिलं तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं, मग कितीही आवळला तरी तो पुन्हा सुटतो. तेवढं अंतर झाल्यावर आम्ही सायकली दुकानात नेऊन हे तिन्ही करून घेतलं. बोल्ट आवळल्यावर डावा क्रँक पुन्हा आठवड्याने तपासायचा.