पायांची चौथी जोडी

नववीत असताना बाईंनी भिजवलेल्या मॉसचं पाणी काचपट्टीवर घेतलं आणि आम्हाला एकेक करून सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, गुबगुबीत, आठ पायांचा जीव चाचपडत चालला होता. टार्डिग्रेड, म्हणजे जलअस्वल. मी झरझर आकृती काढली. बाईंनी लाल पेनाने मागच्या पायांभोवती गोल केला. “हे बघून काढलंस की अंदाजाने? जा, परत बघ.”

परत बघितलं. तीन जोड्या खाली, चालायला. चौथी मागे वळलेली, कणाला घट्ट धरणारी. मी चारही सारख्याच काढल्या होत्या.

आज मी याच जिवांच्या वर्गीकरणाचं काम करते. तेराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. नखांची ठेवण, घशातली नळी, अंड्यांवरची नक्षी यांवरून त्या ओळखायच्या. काही गटांत तर अंडं सापडल्याशिवाय जात सांगताच येत नाही.

पण नुसत्या रूपावर विसंबलं की फसगत होते. मिल्नेशियम या प्रजातीत नखांच्या टोकांची संख्या जात ठरवताना मोजतात. काही जातींत मात्र पिल्लाची टोकं वेगळी, मोठ्याची वेगळी. एकाच जातीचं पिल्लू आणि मोठा प्राणी दोन वेगळ्या जाती वाटू शकतात. डीएनए जुळला की उलगडा होतो. उलटही घडतं. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं ‘हिप्सिबियस दुजार्दिनी’ म्हणून वाढवलेला, त्याच नावाने जीनोमही प्रसिद्ध झालेला जीव २०१८ मध्ये रूप आणि जनुकं दोन्ही तपासल्यावर निराळा ठरला. त्याचं नाव आता हिप्सिबियस एक्झेम्प्लॅरिस.

नुसत्या जनुकांवरही भागत नाही. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या वर्णनांत डीएनए कुठून असणार? तिथे चित्र आणि शब्दच हाती असतात. म्हणून मूळ जागेवरून नमुने आणून दोन्ही अंगांनी पुन्हा वर्णन करावं लागतं. मला हे काम नव्या जातीच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

यातली एक पद्धत मला फार आवडते. एकाच जिवातून डीएनए काढून घ्यायचा. मागे त्याचं रिकामं, पारदर्शक कवच उरतं. ते अलगद उचलून काचपट्टीवर बसवायचं. जनुकं आणि नखं, दोन्ही त्याच एका जिवाची. कवच इतकं नाजूक की टिपताना मी श्वास रोखून धरते.

काचपट्टी भिंगाखाली सरकवली की मी आधी चौथी जोडी बघते.