काका-पो

रद्दी बांधताना एका जुन्या दिवाळी अंकात अर्धवट सुटलेलं शब्दकोडं दिसलं आणि रविवारची दुपार कामातून गेली. आडवे १४: न्यूझीलंडचा न उडणारा पक्षी, तीन अक्षरं. किवी दोनच अक्षरांत संपतो. मी जुना कोडेबाज, म्हणून त्याला ‘किवीस’ करून पाहिलं, पण उभी ‘पोटगी’ पक्की होती आणि तिच्यामुळे शेवटी ‘पो’ येत होता.

“काकापो, बाबा,” पुण्याहून आलेली लेक आतून ओरडली.

मला वाटलं, कुणी काका पोचले का म्हणून विचारतेय.

काकापो हा पोपट आहे. माओरी भाषेत ‘काका’ म्हणजे पोपट आणि ‘पो’ म्हणजे रात्र, असं लेकीने सांगितलं. असेल. माझ्यापुरता तो काका अधिक पोपटातला पो, आणि हा काका म्हणजे आमचे अप्पाकाका. लेकीने मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा तर शंकाच उरली नाही. गोल चेहरा, बसकी मान, चार किलोपर्यंत भरणारं ऐसपैस अंग आणि ‘मला कशाला उठवलंत’ असा भाव. जगातला सगळ्यात जड पोपट. पंख आहेत, पण उडण्याचा उत्साह नाही. चोच आणि पाय वापरून झाडावर मात्र सुरेख चढतो आणि उतरताना पंख पसरून धप्पकन खाली येतो. अप्पाकाका माळ्यावरून असेच उतरायचे. शिडी चढण्यापुरतीच असते अशी त्यांची समजूत होती.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एकूण एकोणीस माणसं, पण रात्री जागे एकटे अप्पाकाका. नोकरी रेल्वेत, पाळी बहुतेक रात्रीची, आणि सुट्टीच्या रात्रीही झोप ठरल्यासारखी पहाटेनंतरच यायची. थंडी पडली की गच्चीवर खर्जाचा रियाज. आधी केरसुणीने कोपरा झाडायचा, काडीकचरा वेचायचा, मग पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसायचं. टाकीपाशी आवाज घुमतो म्हणे. मग तो खालचा सा. आम्हा पोरांना तो ऐकू येत नसे, गादीतून पोटात जाणवायचा. समोरच्या शाहांच्या बा सकाळी दूध घेताना विचारायच्या, “काकाने ऊंघ नथी आवती?” आई म्हणायची, नाही ना, आणि आम्हालाही येऊ देत नाहीत.

तर हा काकापोसुद्धा, लेक वाचून दाखवत होती, विणीच्या हंगामात उंचावरची जागा धरतो, जमिनीत परळासारखा खळगा उकरतो, तिथवरची पायवाट काड्या उचलून साफ ठेवतो. खळगा पुष्कळदा खडकाला लागून, म्हणजे आवाज घुमतो. मग छाती फुगवून रात्रभर ‘बूऽम’. एका रात्री हजारो वेळा, आणि असे दोन-तीन महिने. हा खर्ज काही किलोमीटर जातो, पण कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून मधूनमधून एक बारीक ‘चिंग’ काढायचा, मादीला दिशा लागावी म्हणून. अप्पाकाकांचं तिथेच चुकलं. त्यांनी चिंग कधी काढलाच नाही. एकदा रावपुऱ्यात मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, काही विचारायचंय का म्हटल्यावर नाही म्हणाले आणि परत आले. आजी म्हणाली, पोपट झाला. नक्की कुणाचा, ते तिने सांगितलं नाही.



शिवाय ही वीण दरवर्षी नाही. रिमू नावाचं झाड दोन-चार वर्षांतून एकदा भरभरून फळतं, त्याच वर्षी. एरवी सगळे आपापले एकटे. १९७०च्या दशकात न्यूझीलंडच्या नैऋत्येला, फिऑर्डलँडच्या डोंगरदऱ्यांत शोध घेतला तेव्हा अठराच सापडले, आणि अठराच्या अठरा नर. किती हंगाम ते खळगे झाडून बसले असतील. १९७७मध्ये पार दक्षिणेला स्ट्युअर्ट बेटावर आणखी काकापो सापडले, आणि त्यांत माद्या आहेत हे पक्कं झालं ते १९८०मध्ये. १९९५मध्ये सगळे मिळून ५१ उरले होते. मग बिनशत्रूच्या बेटांवर हलवून, प्रत्येकाला नाव देऊन, पाठीवर यंत्र बांधून त्यांना अडीचशेपर्यंत आणलं.

पण इतके कमी झाले कसे, असं मी विचारलं.

तर काकापोची एक सवय. धोका वाटला की तो पळत नाही, आहे तिथे स्तब्ध उभा राहतो. अंगाचा रंग शेवाळासारखा, त्यामुळे दिसतच नाही. आभाळातून नजरेने शिकार करणाऱ्या गरुडांपासून याच युक्तीने तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला. मग माणसांबरोबर उंदीर आले, मांजरं आली, मुंगसासारखे लांबुळके स्टोट आले. ते वास घेत येतात. आणि काकापोला वास आहे, मधासारखा, जरा कुबट गोड. रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने १८९४पासून शेकडो पक्षी रेझोल्यूशन बेटावर नेऊन ठेवले. १९०० साली स्टोट पोहत तिथेही पोचला.

अप्पाकाकांना तपकिरीचा आणि कापराचा वास होता. आणि आजोबा तापले की ते असेच उभे राहायचे, दाराशी, भिंतीला लागून. आजोबांची नजर फिरून जायची आणि बोलणी दुसऱ्याच कुणाला बसायची. युक्ती चाळीस वर्षं चालली.

वाडा पाडून फ्लॅट करायचे ठरले तेव्हा आजोबा नव्हते. बैठका आमच्या ओसरीवर झाल्या. कुणाला किती चौरस फूट, कुणाला रस्त्याच्या बाजूचं, गच्चीचा हक्क कुणाचा. सगळे एकाच वेळी बोलत होते. अप्पाकाका दाराशी उभे होते. त्यांच्या वाट्याला तळमजल्यावरची खोली आली, मीटरच्या पेट्यांना लागून.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, नोकरीला होतो, मला बोलता येत होतं. सही करायला त्यांनी पेन माझंच मागून घेतलं.